डोंगरावरून थेट विहीणबाईंच्या दारात

लेकीनं आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्हाला शांतता भेट दिली. फोनवर तिनं अगदी असंच सांगितलं. "आई, तुम्हा दोघांसाठी मी शांतता बुक केलीय. नाही म्हणू नका." ती आणि जावई इंदूरला असतात, तिथे शांतता बुक करावी लागत असेल. आम्ही बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात राहतो. मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालतात, पुढच्या गल्लीत गाड्यांचे हॉर्न, आणि वीज गेली की मागचा आवाज बंद होतो. तेव्हा सगळी गल्ली दारात येऊन, वीज कधी येणार, हे एकमेकांना विचारत बसते. शांतता कोणालाच सोसत नाही.

लेकीची शांतता सातपुड्यात होती. शहराच्या उत्तरेला डोंगरात एक कॅम्प निघालाय. तिथे तंबूत राहायचं, पायवाटेनं डोंगर चढायचा, पक्षी ऐकायचे आणि फोनला रेंज नाही याचा आनंद मानायचा. पाठोपाठ कुरिअरनं एक खोकं आलं. त्यात माझ्यासाठी ट्रॅक पँट आणि जाड तळव्यांचे बूट होते, ह्यांच्यासाठी टोपी आणि घडीची काठी. मी प्राथमिक शाळेत शिकवते. इतक्या वर्षांत साडीशिवाय कधी गल्लीचा कोपरा ओलांडला नव्हता. ती पँट मी दार लावून आरशासमोर घातली आणि ताबडतोब काढून ठेवली.

शेजारणीनं पिशव्या पाहिल्या. "कुठं निघाल्या?"

"जंगलात."

"नवस होता का?"

"नाही, नुसतंच. राहायला."

तिनं आवाज खाली आणला. "घरात काही झालंय का?"

हे हायर सेकंडरीत भूगोल शिकवतात. आयुष्यभर फळ्यावर डोंगर काढले, डोंगराची उंची दाखवणाऱ्या गोल गोल रेषा काढल्या, पण स्वतः चढलेली सगळ्यात अवघड चढण म्हणजे आमचा जिना. रोज सकाळी तापीवरच्या राजघाटापर्यंत फिरायला जातात खरे. जाताना चालत जातात. तिथे चहाच्या टपरीवर मंडळी भेटतात, राजकारण होतं, आणि येताना रिक्षा करतात. तरी खोकं उघडल्यापासून ह्यांच्यात वेगळाच उत्साह आला होता. काठी उघडायची, मिटायची, परत उघडायची. "सातपुडा म्हणजे काय हे तुला आता प्रत्यक्ष दाखवतो," असं मला सांगितलं. सातपुडा आमच्या गच्चीवरून दिसतो, रोज मी त्याच्याकडे तोंड करून कपडे वाळत घालते, हे मी बोलले नाही.

कॅम्पवर पोचलो तेव्हा शांततेचा बोर्ड दिसला. 'कृपया शांति बनाए रखें.' बोर्डाखाली इंदूरच्या कुठल्याशा कंपनीतली पोरं-पोरी स्पीकर लावून नाचत होती. त्यांनाही बहुतेक कोणीतरी शांतता भेट दिली असावी. तंबू मात्र छान होते. आत दोन गाद्या, एक कंदील, बाहेर खुर्च्या. मी लगेच दराब्याचा डबा, शेव, लोणचं, चहा-साखर असं सगळं ओळीनं मांडलं. कॅम्पवरचा माणूस पाहत राहिला. म्हणाला, "मॅडम, इथे जेवण मिळतं." मी म्हटलं, "असू द्या." बुऱ्हाणपूरहून निघालेला माणूस दराब्याशिवाय कुठे जातो? रवा, तूप आणि साखर इतका वेळ फेटायची की ती विसरूनच जातात आपण कोण होतो. असा पदार्थ घरी एकटा ठेवून येणं मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोंगर चढायला निघालो. कॅम्पवरच्या माणसानं नीट सांगितलं होतं. दगडांवर पिवळे बाण रंगवलेत, बाण पाहत वर जायचं, वरून खोरं पाहायचं, आणि त्याच बाणांनी जेवणाच्या वेळेपर्यंत खाली यायचं. इतकं सोपं की माझ्या पहिलीच्या वर्गानंही केलं असतं. मी पँट, त्यावर लांब कुर्ता, त्यावर ओढणी आणि डोक्याला रुमाल अशी निघाले. लाज वाटत होती, पण जंगलात कोण पाहतंय, असा विचार केला.

चढ फार नव्हता. सागाची मोठमोठी वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. हे पुढे, काठी टेकत, आणि अखंड बोलत. तापीचं खोरं कसं खचून तयार झालं, आपण आत्ता खोऱ्याच्या कडेवर कसे उभे आहोत, पाणी कुठून कुठे वाहतं. पक्षी होते, पण त्यांना मधे बोलायला जागा मिळत नव्हती.

वर पोचलो आणि हेसुद्धा गप्प झाले. खाली सगळं खोरं उघडं पडलं होतं. केळीचे हिरवेगार चौकोन, मधे कपाशीचे करडे, आणि लांबवर तापीची चमक. इतकी वर्षं त्या नदीच्या काठावर काढली, पण ती अशी बारीक, वळणावळणाची, कोणी घाईत काढलेल्या रांगोळीसारखी दिसेल असं वाटलं नव्हतं.

"तिकडं कुठंतरी आपल्या व्याह्यांचं गाव," हे काठीनं दाखवत म्हणाले. "पायथ्याशीच आहे ते."

"असू दे," मी म्हटलं. "आज त्यांचं नाव नको."

खाली यायची वेळ झाली तेव्हा ह्यांच्या डोक्यात नवीन विचार आला. आल्या वाटेनं परत जाणं हे खऱ्या चालणाऱ्याचं लक्षण नव्हे. डोंगराला वळसा घालून जावं. "कॅम्प आग्नेयेला आहे. ही पायवाट आग्नेयेलाच जाते. शिवाय हे बघ, इथेही पिवळा रंग आहे." खरंच, झाडांच्या बुंध्यांवर पिवळे पट्टे होते. आम्ही पट्टे पाहत पाहत चालू लागलो. ते पट्टे कुठली झाडं तोडायची याची खूण म्हणून मारलेले असतात हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही तोडायच्या झाडांच्या मागोमाग बराच वेळ मोठ्या विश्वासानं चाललो.

मग पट्टे संपले. थोड्या वेळानं पायवाटही संपली, म्हणजे तिच्या तीन झाल्या आणि तिन्ही शेळ्यांनी पाडलेल्या होत्या. पाणी संपलं. बुटांनी माझ्या टाचा सोलल्या. फोन काढून पाहिला, तर लेकीनं सांगितल्याप्रमाणे रेंज नव्हती, आणि त्याचा आनंद काही केल्या मानता येईना.

"आता कुठली आग्नेय?" मी विचारलं.

"हीच."

"मघाशी ती होती."

"मघाशी आपण वळलो नव्हतो."

आम्ही भांडलो. जंगलात भांडायला एक सोय असते, कोणी ऐकत नाही. मी लेकीच्या लग्नापासून सुरुवात केली, त्यांनी माझ्या माहेरापर्यंत नेलं. मग एका झाडाखाली बसलो, एकमेकांकडे पाठ करून. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "मला दिशा कळत नाहीये." आवाज इतका लहान होता की मी वळून पाहिलं. टोपी काढून हातात धरली होती. संसारात ह्यांना अनेक गोष्टी कळल्या नाहीत, पण कळत नाही असं तोंडानं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझा राग कुठे गेला कोण जाणे. उलट भीती वाटली. हे चुकीचं का होईना, पण ठामपणे बोलत होते तोवर मला एक आधार होता.

"बसा जरा," मी म्हटलं. "बघू."

गप्प बसलो म्हणून खालून येणारा आवाज ऐकू आला. टक टक टक टक. पाण्याचा पंप. कुणाची तरी केळी भिजत होती. दोघंही उठलो. एका कोरड्या ओढ्यातून, दगडांवरून घसरत, अर्धं बसून अर्धं चालत आम्ही त्या आवाजाकडे उतरलो. माझी ओढणी काट्यात अडकली ती तशीच सोडून दिली. खाली उतरलो तो थेट केळीच्या बागेत. दोन्ही बाजूंना आमच्यापेक्षा उंच केळी, आत हिरवा अंधार, पायाखाली ठिबकच्या नळ्या आणि ओल. एका नळीला गळती होती. मी ओंजळ धरून प्यायले, ह्यांनाही दिलं. मग ओळीओळीनं चालत बागेच्या पलीकडे बाहेर आलो.

समोर मोकळी जागा, एक पत्र्याची शेड, कडुनिंबाखाली बाज. आणि कापसाच्या ढिगाशी एक बाई बसलेली. अंगात साडीवरून पुरुषाचा मळका शर्ट, डोक्याला घट्ट फडकं, पायात माझ्यासारखेच जाड तळव्यांचे बूट. तिनं मान वर केली.

ती माझी विहीण होती.

आमचं नातं इथे सांगायला हवं. माझी लेक त्यांच्या मुलाला दिली त्याला आता तीन वर्षं होत आली. त्या लग्नात जेवणाला उशीर झाला. आचारी उशिरा आले, दुसरं काही नाही. पंगत बसता बसता विहीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मास्तरांच्या घरचं सगळं वेळेवर, एक जेवण सोडून." बायका हसल्या. मीही हसले. त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींशी दोन देशांचे राजदूत बोलतात तसं बोलत आलो होतो. दिवाळीला फोन. "बरं आहे ना?" "बरं आहे." "तिकडं?" "तिकडंबी." भेटलो तर दोघी रेशमी साडीत, दोघींचे दागिने तपासून घातलेले. ते वाक्य मी घरी किती वेळा उलगडून पाहिलं असेल. 'मास्तरांच्या घरचं' म्हणजे माझ्या शिक्षणाला टोमणा, की 'वेळेवर' हा टोमणा? व्याकरण शिकवायची सवय वाईट असते.

आणि आता ती शर्टात, मी पँटीत.

आम्ही दोघींनी एकदमच हालचाल केली. तिनं शर्टाची बटणं उघडायला घेतली, मी कुर्ता खाली ओढायला. कुर्ता आला नाही, बटण निघालं नाही.

"अवो विहीणबाई!" ती उठून उभी राहिली. "तुम्ही? इकडून कुठून येऊन राहिल्या?"

"जंगलातून," मी म्हटलं.

"पायी? काहून? गाडी बंद पडली का?"

"नाही. फिरायला."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्या हातातल्या घडीच्या काठीकडे, मग डोंगराकडे. शेजारणीसारखाच तिनं आवाज खाली आणला. "घरात सगळं ठीक आहे ना?"

तेवढ्यात शेडमधून व्याही बाहेर आले, बनियन आणि कमरेला पंचा. त्यांनी ह्यांना पाहिलं आणि जवळजवळ धावत परत आत गेले. थोड्या वेळानं आले तेव्हा अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, खाली पंचा तसाच. "या, या मास्तरसाहेब," म्हणाले, जसं काही आम्ही दारातून आलो होतो.

मला बाजेवर बसवलं. विहीणबाईंनी माझे बूट काढले. नको नको म्हणायच्या आत काढले. टाचा पाहून चक् चक् केलं आणि माझा बूट हातात फिरवून पाहिला. मग हसायला लागल्या.

"आपल्या पोरीनं पाठवले ना? मलाबी तेच पाठवले. म्हने, आई, सकाळी फिरायला जात जा." त्यांनी आपला पाय पुढे केला. "मी कुठं फिरू? रात्री पानी धरायला घालते. सापाची भीती नाही राहत."

लेकीनं दोन आयांना सारखे बूट पाठवले होते. एकीचं दुसरीला न सांगता. एकच डिझाइन, एकच रंग, मापही जवळजवळ एकच. मला जरा राग आला, जरा बरं वाटलं.

मग जेवण आलं. ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, म्हणजे कळण्याच्या भाकऱ्या, भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. आम्ही जेवलो म्हणणं बरोबर नाही. आम्ही त्या ताटांवर तुटून पडलो. हे एरवी प्रत्येक घासाला काहीतरी बोलतात, पण तेव्हा तोंडातून शब्द निघाला नाही. विहीणबाई समोर बसून वाढत होत्या. माझी तिसरी की चौथी भाकरी चालू असताना त्या म्हणाल्या, "आज तर जेवन वेळेवर आहे ना, विहीणबाई?"

मी वर पाहिलं. त्यांनी ते मुद्दाम म्हटलं होतं, आणि म्हटल्यावर त्यांना ते जड जात होतं, हे दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"त्या दिवशी मी बोलले ना," त्या म्हणाल्या. "तुमच्या मनात राहिलं असेल. मला कळते. पन त्या दिवशी माझा आदल्या दिवसापासून उपास होता. वरमाईनं धरायचा असतो आमच्यात. डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली होती. भुकेनं बोलले मी."

तीन वर्षं मी त्या वाक्याची चिरफाड केली, त्याचे वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ काढले. भूक हा अर्थ मला एकदाही सुचला नव्हता. आणि आत्ता मी स्वतः ठेचा बोटानं पुसत होते.

"राहिलं होतं मनात," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं.

"मग मला बोलून टाकायचं होतं."

"तुम्ही बोलू दिलंत तर ना. दिवाळीला 'बरं आहे ना' म्हणून फोन ठेवून देता."

"तुम्ही शिकलेल्या. मला वाटते, जास्त बोललो तर चुका काढतील."

व्याह्यांनी आणि ह्यांनी यावर एकमेकांकडे पाहिलं आणि केळीच्या भावावर बोलायला सुरुवात केली. पुरुषांना अशा वेळी बाजारभाव फार उपयोगी पडतो.

तिथे रेंज होती. ह्यांनी कॅम्पच्या लँडलाइनवर फोन लावला. तिथली माणसं आम्हाला हाका मारत वर जाऊन आली होती आणि त्यांचाही जीव टांगणीला लागला होता. "आम्ही सुरक्षित आहोत, एका परिचितांकडे," असं ह्यांनी भारदस्तपणे कळवलं. व्याही म्हणाले, ट्रॅक्टरनं सोडतो, रस्ता डोंगराला वळून जातो. विहीणबाई मधेच उभ्या राहिल्या. "मीबी येते. पाहू तरी, पोरगी आई-बापाला कुठं झोपायला पाठवून राहिली." आणि माझ्याकडे पाहून, "पन गावातून जायचंय. या पँटीत नाही नेनार मी तुम्हाला. लोक मला विचारतील."

त्यांनी मला स्वतःची साडी दिली, सुती, निळी, काठ विटलेली. त्यांचंच पोलकं, मला दोन्हीकडून सैल. स्वतः मात्र ट्रंकेतून चांगली काढून नेसल्या. गावातून ट्रॉलीत बसून जाताना लोकांनी विचारलं तर त्या सगळ्यांना एकच सांगत होत्या, "माझ्या विहीणबाई. पाहुन्या आल्यात." कुठून आल्या हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

कॅम्पवर उतरले तेव्हा तिथल्या माणसानं मला ओळखलं नाही. तो ह्यांना विचारत होता, "सर, मॅडम कुठे आहेत?" इंदूरच्या पोरांनी शेकोटी पेटवली होती आणि स्पीकरची बॅटरी संपली होती म्हणून खरंच शांतता होती. विहीणबाईंनी तंबूत डोकं घालून पाहिलं, गादी दाबून पाहिली. "शेतातल्या खोपीपेक्षा बरा आहे," असा निकाल दिला. मी दराबा काढला. त्यांनी खाल्ला आणि म्हणाल्या, "तूप कमी पडलं." मी म्हटलं, "बाजारचा आहे." "मग बरोबर," त्या म्हणाल्या. अंधारात ट्रॅक्टर परत न्यायला मी नको म्हटलं, म्हणून आमच्या तंबूत आम्ही दोघी आणि शेजारच्या रिकाम्या तंबूत ते दोघे झोपले. झोप येईपर्यंत लेकीबद्दल बोललो. कितीतरी गोष्टी अशा निघाल्या की तिनं मला एक सांगितलं होतं आणि त्यांना दुसरं.

सकाळी आम्ही दोघीच त्या डोंगरावर गेलो. पिवळ्या बाणांनी, दगडांवरच्या. पुरुषांना उठवलं नाही. वर पोचल्यावर विहीणबाई बराच वेळ खाली पाहत राहिल्या. जन्मभर त्यांनी खालून हा डोंगर पाहिला होता, लहानपणी लाकडं आणायलाही अर्ध्यापर्यंत आल्या होत्या, पण वरून आपलं शेत पाहिलं नव्हतं. मी त्यांना पत्र्याची शेड दाखवली, उन्हात चमकत होती.

"ते?" त्या म्हणाल्या. "एवढंसं?"

"लांबून दिसतंय ना, म्हणून."

"त्याच्यात माझी कंबर गेली," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "पाहा ना, रुमालाएवढं."

मी त्यांच्या शेजारी बसले. मग त्यांनीच फोन काढला आणि मला म्हणाल्या, फोटो घ्या. दोघींचा एकत्र फोटो, रात्री एकाच तंबूत होतो असं लिहून, खाली रेंजमध्ये आल्यावर लेकीला पाठवला. तिचा फोन लगेच आला. आधी "वा, किती छान" म्हणाली. मग, "आई, पण तुम्ही दोघी रात्रभर काय बोललात?" म्हणाली. विहीणबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "काही नाही गं. शांतता होती ना इथं."

त्यानंतर त्या बुऱ्हाणपूरला बाजाराच्या दिवशी आल्या की आमच्याकडे येतात. फोन न करता येतात. स्वयंपाकघरात येऊन झाकणं उघडून पाहतात, भाजीत मीठ जास्त झालंय, घरात इतकी पुस्तकं कशाला, लूमच्या खटखटीत तुम्हाला झोप कशी लागते, असं जे मनात येईल ते तोंडावर सांगतात. मला राग येतो. आता तो तिथल्या तिथे येतो आणि मी तो त्यांच्या तोंडावर काढते. त्या दुप्पट आवाजात उत्तर देतात. मागच्या वेळी पोळी जाड झाली म्हणाल्या, मी म्हटलं मग तुम्हीच लाटा, तर खरंच पदर खोचून बसल्या. हे बाहेरच्या खोलीतून ओरडून विचारतात, काय चाललंय. आम्ही दोघी एकदमच सांगतो, काही नाही.